क्रूझवरून उतरताना शाळांसाठी सामान नेता येतं का? आणि संक्रांतीचं वाण?

शाळामास्तरीण:

नमस्कार. दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहितेय. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, आता निवृत्त. लेक-जावई ह्यूस्टनला असतात, त्यांनी जानेवारीत आम्हा दोघांना क्रूझवर न्यायचा घाट घातलाय. गॅल्व्हस्टन बंदरातून जहाज निघतं. होंडुरासचं रोआतान बेट, मग बेलीझ, मग मेक्सिकोचं कोझुमेल आणि परत. ह्यांनी समुद्र पाहिला तो फक्त गिरगाव चौपाटीवरचा, आणि तेव्हाही पँट दुमडून दहा पावलं आधीच थांबले होते. त्यामुळे घरात वाद चालूच आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. जहाजावर चोवीस तास खाणं आणि रोषणाई, अन् बंदरात उतरून दोन गल्ल्या आत गेलं की पत्र्याची घरं, असं लेक सांगते. नुसतं बघून परत फिरायचं माझ्याच्यानं होणार नाही. त्यात संक्रांत नेमकी त्याच आठवड्यात येतेय. म्हटलं, यंदाचं वाण तिकडेच लुटावं.

सामान काढून ठेवलंय. वह्या, पेन्सिली, खोडरबर, कंपासपेट्या. आमच्या बचत गटातल्या बायांनी शिवलेल्या नऊवारीतल्या बाहुल्या. गावातून जमवलेले धडके कपडे. दूध पावडरचे डबे, तापाच्या गोळ्या, ओआरएस. तिळाचे लाडू. आणि शेतातला हरभरा, कारण यंदा चांगला झालाय.

हे सगळं जहाजावरून खाली नेऊ देतात का? जकात लागते का? आणि बंदरावर उतरल्यावर द्यायचं कुणाला? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

ठेचाभाकर:

बाई, एवढं सामान चढवलं तं जहाज एका बाजूनं कलंडन. काकाजीले दुसऱ्या बाजूनं बसवा.

(गंमत केली. धागा वाचून रायलो, मलेही जायचं आहे कधीतरी.)

डेकवरचा अकोलेकर:

बाई, मी अकोट तालुक्यातला. नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट केलं, आधी जहाजाच्या मुदपाकखान्यात होतो, आता खोल्यांच्या साफसफाईकडे. तुमची यादी वाचून बरं वाटलं आणि थोडं टेन्शनही आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जहाजावर चढतानाचं. गॅल्व्हस्टनला विमानतळासारखीच तपासणी असते, सगळ्या बॅगा मशीनमधून जातात. घरी केलेलं खाणं बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. म्हणजे तुमचे लाडू तिथंच राहतील. कात्र्या असतील तर चार इंचांपेक्षा मोठं पातं नको, लहान मुलांच्या बोथट टोकाच्या घ्या.

आता उतरतानाचं. इथं जहाजाचा नियम कमी आणि त्या देशाचा जास्त चालतो. फळ, भाजी, मांस, बी-बियाणं, बुफेतून रुमालात गुंडाळलेला पाव, यातलं काहीही खाली न्यायचं नाही. रोज सकाळी लाउडस्पीकरवरून हे सांगतात आणि रोज कुणीतरी पर्समध्ये केळं टाकतंच. कोझुमेलच्या धक्क्यावर वास घेणारा कुत्रा असतो. तो बॅगेपाशी बसला की सगळी रांग मान वळवून बघते. लोकांना वाटतं केळ्यानं काय बिघडतं. पण एका फळातली माशी अख्ख्या बेटाची बाग खाऊ शकते. आपल्याकडे गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आठवा, म्हणजे त्यांचा राग समजेल.

जकातीचं असं आहे. क्रूझचे प्रवासी दिवसभरासाठी उतरतात, म्हणून प्रत्येकाची बॅग उघडून बघत नाहीत. पाठीवरच्या पिशवीत दोन डझन पेन्सिली आणि काही वह्या असल्या तर सहसा कुणी हटकत नाही. पण तुम्ही पुठ्ठ्याचं खोकं घेऊन उतरलात, आत एकाच कंपनीच्या कोऱ्या वह्यांचे गठ्ठे निघाले, तर त्यांच्या लेखी तो विक्रीचा माल. मग कागद मागतात, जकात लावू शकतात, नाहीतर ठेवून घेतात. "दान आहे हो" म्हणून भागत नाही, कारण असं सांगून माल विकणारेही असतात.

म्हणून सामान चौघांच्या पिशव्यांत वाटून घ्या. विचारलं तर खोटं बोलू नका, शाळेसाठी आहे म्हणून सरळ सांगा. ज्या शाळेला द्यायचं तिचं पत्र मोबाइलमध्ये असू द्या, सोबत सामानाची इंग्रजीत यादी आणि अंदाजे किंमत. खरंच खोकी न्यायची असतील तर निघायच्या बऱ्याच आधी क्रूझ कंपनीला लिहा. प्रत्येक बंदरात जहाजाचा पोर्ट एजंट असतो, मोठं सामान त्याच्यामार्फत जातं आणि घेणाऱ्या संस्थेला आधी तिथल्या कस्टम्सकडे अर्ज करावा लागतो.

बेलीझला अजून एक भानगड आहे. तिथं किनाऱ्याजवळ पाणी उथळ, त्यामुळे मोठं जहाज लांब समुद्रात नांगर टाकतं आणि लोकांना लहान बोटींनी नेतात. त्याला टेंडर म्हणतात. बोट हलत असते, हाताला धरून चढवतात, अशा वेळी दोन्ही हातात पिशव्या असल्या की काकाजींना कोण धरणार? आणि शेवटची टेंडर गाठायचीच. तुम्ही आपल्या मनानं टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

शाळामास्तरीण:

अकोलेकर दादा, खूप आभार. लाडू आणि हरभरा रद्द. ह्यांना टेंडरचं वाचून दाखवलं, आता ते म्हणतात बेलीझला मी जहाजावरच झोपतो.

पण दूध पावडर तर सीलबंद आहे. ती चालेल ना? लहान लेकरांसाठी आहे.

मेडिकलवाला:

बाई, दूध पावडर आणि गोळ्या दोन्ही काढून टाका. दुकानदार म्हणून सांगतो.

बाळांच्या दुधाच्या डब्याबद्दल आपल्या देशात १९९२ पासून कायदाच आहे. जाहिरात करायची नाही, आयांना फुकट नमुने वाटायचे नाहीत. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं पॅकबंद अन्नही त्यात आलं. कारण साधं आहे. फुकटचा डबा काही दिवस पुरतो, तेवढ्यात आईचं दूध आटायला लागतं. पुढचा डबा घ्यायला पैसे नसतात, मग पावडर कमी आणि पाणीच जास्त, तेही कुठलं कोण जाणे. बाळ हगवणीनं जातं. हे मेळघाटात खरं तसं होंडुरासमध्येही खरं.

औषधांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्येच औषधदानाचे नियम काढले. जे मागितलं तेच द्यायचं, आणि पोचेल तेव्हा मुदत निदान एक वर्ष शिल्लक पाहिजे. आपण घरातल्या डब्यातल्या उरलेल्या पट्ट्या गोळा करतो, त्यातल्या अर्ध्यांची मुदत पुढच्या दिवाळीपर्यंतही नसते. शिवाय आपल्याकडे काउंटरवर मिळणारं औषध दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकतं. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, मेक्सिकोत त्यावर बंदी आहे. तुमची स्वतःची बीपी-शुगरची औषधं मात्र मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

काकाजींसाठी उलटीची गोळी इथूनच डॉक्टरांना विचारून घ्या. आणि खोली मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्या, तिथं हलणं कमी जाणवतं.

फुकटचा सल्लागार:

एक बाई आनंदानं चार वह्या देऊ म्हणते, तुम्ही तिला कायदे, कुत्रे आणि स्यूडोएफेड्रिन दाखवताय. अशानं कोण कुणाला काही देईल? पुण्यवान माणसाला आपल्याकडे घाबरवायची सवयच आहे.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, तेव्हाचं आठवा. तीनच दिवसांनी रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं जहाज तिथल्या लाबाडी बंदरात प्रवासी घेऊन लागलं. जगभरातून शिव्या पडल्या, की राजधानीत प्रेतं पडलीत आणि तुम्ही पर्यटकांना पोहायला उतरवता. पण त्याच जहाजातून तांदूळ, कडधान्य, दूध पावडर, पाणी उतरलं. शिव्या देणाऱ्यांनी काय उतरवलं? बाई, बिनधास्त न्या.

ह्यूस्टनवासी वऱ्हाडी:

सल्लागार साहेब, तुमचं उदाहरण खरं आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. लाबाडी ही कंपनीनं भाड्यानं घेतलेली, कुंपण घातलेली जागा. प्रवाशांना कुंपणाबाहेर जाता येत नव्हतं. तांदूळ कंपनीनं आधी ठरवून, मदतकार्य करणाऱ्यांच्या हाती दिला. कुणी प्रवाशानं पिशवीतून नेऊन रस्त्यावर वाटला नाही.

न विचारता पाठवलेल्याचं काय होतं तेही बघा. मार्च २०१५ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशात पॅम चक्रीवादळ आलं. जगभरातल्या भल्या माणसांनी सत्तरहून जास्त कंटेनर पाठवले. दहा महिन्यांनंतरही १८ कंटेनर धक्क्यावर तसेच पडून, कुणी सोडवायला नाही, आणि जागेचं भाडं लाखो डॉलरवर गेलेलं. आतलं बरंचसं अन्न मुदत संपून गेलेलं. ज्या धक्क्यावर खरी गरजेची वस्तू उतरायला हवी होती तिथं या दानानं जागा अडवली.

बाई, मी ह्यूस्टनला राहतो, मूळ गाव आर्वीकडे. तुमच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, हरभरा रद्द केलात ते उत्तम, कारण तो क्रूझपर्यंत पोचलाच नसता. भारतातून येणाऱ्यांना तांदूळ आणि हरभरा सामानातून अमेरिकेत आणायला बंदी आहे. खपरा भुंगेऱ्यामुळे, म्हणजे साठवलेल्या धान्यातल्या किडीमुळे. आपल्या कोठीत तो असला तर आपण ऊन दाखवून मोकळे होतो, इथं मात्र विमानतळावर त्याच्या नावानं पोती उलटी करतात. कुठलंही खाणं असलं तरी विमानतळावर आधीच सांगा. सांगितलेलं नियमात नसलं तर फक्त काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड.

दुसरी गोष्ट, 'पॅक फॉर अ पर्पज' नावाची अमेरिकी संस्था २०१० पासून हेच काम करते. प्रवासी जिथं चाललाय तिथल्या शाळा-दवाखान्यांनी काय मागितलंय त्याची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, रोआतान, बेलीझ, मेक्सिको सगळं आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की बॅगेत पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो जागा ठेवा. सामान शाळेत न्यायचं नाही, ठरलेल्या हॉटेलात किंवा सहलवाल्याच्या ऑफिसात ठेवायचं, पुढचं ते पोचवतात. रोआतानला सँडी बे भागात क्लिनिका एस्पेरान्झा नावाचा दवाखाना आहे, त्यांना लिहून विचारता येईल. कोझुमेलला भटक्या कुत्र्या-मांजरांची ह्यूमेन सोसायटी आहे, क्रूझवाल्यांचं तिथं येणं-जाणं असतं. जुने टॉवेल त्यांना चालतात का विचारा, असल्या ठिकाणी ते लागतातच.

आणि खरं सांगू? वह्या तिथंच विकत घ्या. कोझुमेलच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर चेद्राउई नावाचं मोठं दुकान आहे, वह्या-पेन्सिलीच काय, सगळं मिळतं. मेक्सिकोत पाठ्यपुस्तकं १९५९ पासून सरकार छापून फुकट देतं, आपल्या बालभारतीच्याही आधीपासून. पण वह्या, रंग, डिंक आईबापांना घ्यावे लागतात, आणि कुठल्या इयत्तेला काय याची यादीच असते. शाळेला यादी विचारा आणि त्यांच्याच दुकानातून घ्या. वजन वाचलं, जकात वाचली, दुकानदाराचा धंदाही झाला.

शाळामास्तरीण:

दादा, पटतंय, पण इथली पेन्सिल पाच-सहा रुपयांना पडते. नटराजचं डझनाचं पाकीट असं कितीसं जड असतं? तिथं डॉलरात घ्यायची म्हणजे माझ्या पेन्शनीचं काय? पेन्सिली मी इथूनच नेणार. वह्यांचं बघू.

बाहुल्यांबद्दल कुणीच बोललं नाही. बायांनी महिनाभर बसून शिवल्यात.

पांदण:

हा धागा वाचून लिहू की नको असं झालं. लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातलाच, केळापूरकडचा. २००६ च्या सुमारास वडील गेले. कसे, ते या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. त्या वर्षी आमच्याकडे पाहुणे फार आले. पंतप्रधान विदर्भात आले होते, मागोमाग सगळेच. गाडी गावात शिरली की पोट्टे ओरडायचे, "तुमच्याकडं आली." आई पदर नीट करून दारात उभी राहायची.

दप्तरं किती आली सांगू? घरात आम्ही दोन भावंडं आणि खुंटीवर दप्तरंच दप्तरं. वह्या इतक्या झाल्या की आईनं किराणावाल्याला दिल्या आणि बदल्यात तेल-मीठ घेतलं. त्यानं त्या पोळ्याच्या बाजारात विकल्या. एकदा एका साहेबांनी मला दप्तर दिलं, फोटोवाल्याचं बटण दबलं नाही, तर त्यांनी ते माझ्या हातातून परत घेतलं आणि पुन्हा दिलं. मी पाचवीत होतो. दोन्ही वेळा हसलो.

याच काळात ३,७५० कोटींचं पॅकेज आलं, सहा जिल्ह्यांसाठी. त्यात सवलतीच्या दुधाळ गायी होत्या. कोरडवाहू कापसाच्या गावात संकरित गाय. तिला हिरवा चारा, ढेप, पाणी कुठून आणायचं हे कुणी विचारलंच नाही. पुष्कळ ठिकाणी लोकांनी त्या विकून टाकल्या. आमच्या शेजारचा म्हातारा म्हणायचा, "लेकरायले दूध नाई, पण गायीले ढेप पाह्यजे."

त्या सगळ्या गर्दीत एक मॅडम आल्या. हातात काही नव्हतं. आईजवळ ओट्यावर बसल्या, चहा घेतला, आमचाच. जाताना विचारलं, काय अडलंय? आई म्हणाली, सातबाऱ्यावर नाव चढत नाही. फेरफार अडकला होता, नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. त्या मॅडम पुन्हा आल्या, आईला घेऊन तलाठ्याकडे गेल्या, तहसीलला गेल्या. नाव चढलं. मला आज त्यांचं नाव आठवत नाही, आईला आठवतं.

बाई, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला मी काय सांगणार. पण तिथल्या लेकराच्या हाती वही देऊ नका, शाळेच्या हाती द्या. फोटो काढू नका.

ठेचाभाकर:

पांदण भाऊ, नमस्कार तुमच्या आईले.

फुकटचा सल्लागार:

पांदण, तुमचं ऐकून गप्प बसावंसं वाटतं, तरी एक विचारतो. मग द्यायचंच नाही का? फोटोवाल्या साहेबामुळं बाईंची पेन्सिल कशाला वाईट?

पांदण:

द्यायचं ना. त्या मॅडमनी दिलंच की. फक्त विचारून द्यायचं. नटराजची पेन्सिल मलाही आवडायची, त्या दप्तरांमध्ये नेमकी तीच नव्हती.

सातपुड्याची सावली:

धारणी तालुक्यात अंगणवाडीवर आहे. थोडं आमच्याकडचं.

उन्हाळा लागला की चिखलदऱ्याकडं गाड्या सुरू होतात. घाटात माकडांना बिस्किटं टाकतात, आणि पुढच्या वळणावर आमच्या लेकरांना. तीच बिस्किटं, तशीच चालत्या गाडीतून. सुट्टीच्या दिवशी लेकरं सकाळपासून रस्त्यावर जाऊन बसतात. मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात, गाडी दिसली की हात कसा करायचा. बंदरावरही असंच होत असणार, जहाजाच्या वेळा तिथल्या पोरांना पाठ असतील. धक्क्यावर चॉकलेटं वाटू नका बाई. शाळा बुडवून बंदरावर यायचं कारण तुम्ही देऊ नका.

कपड्यांचं तर विचारू नका. दिवाळीनंतर शहरातून टेम्पो येतो. आत काय निघतं? कोट, टाय, जरीचे लहंगे, कंबर पस्तीसची जीन्स. आमच्या कोरकू बायांना लुगडं लागतं. उरलेलं चुलीत जातं, नाहीतर पायपुसणी होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत लोकांनी पाठवलेले जुने कपडे रस्त्याकडेला ढिगानं पडले होते, ते गूंज संस्थेनं उचलून निवडले, धुतले, कामाला लावले. निवडणं हेच मोठं काम आहे. ते कुणाला करायचं नसतं.

दूध पावडरीबद्दल मेडिकलवाल्या दादांनी लिहिलंय, त्याच्या खाली माझी सही समजा.

डेकवरचा अकोलेकर:

एक राहिलं होतं. जानेवारीत होंडुरासच्या सरकारी शाळा बंद असतात. तिथं वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरात संपतं. आपल्या विदर्भात कसं उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर शाळा उघडतात, तसं त्यांचं सगळं गणितच वेगळं. म्हणजे रोआतानला शाळा शोधत गेलात तर कुलूप दिसेल. दवाखाना किंवा संस्था बघा. बेलीझ आणि मेक्सिकोत तेव्हा शाळा चालू असतात, फक्त तुमचं जहाज तिथं शनिवार-रविवारी लागत नाही ना ते तपासा.

बेलीझची भाषा इंग्रजी, तुम्हाला मुख्याध्यापकांशी बोलता येईल. तिथल्या बऱ्याच शाळा चर्च आणि सरकार मिळून चालवतात. आणि बेलीझच्या खेड्यात क्रिकेट खेळतात हो! टेनिस बॉल न्या, कुठल्याही वहीपेक्षा जास्त खूश होतील. मेक्सिको-होंडुरासला फुटबॉल. हवा काढून चपटा करून न्या, सोबत पंप.

सेवेच्या सफरीचं वेडही येऊन गेलंय बरं का. २०१६ मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीनं 'फॅदम' नावानं जहाजच काढलं होतं, डॉमिनिकन रिपब्लिकला. प्रवासी दिवसा गावात जाऊन मातीची पाणी गाळायची फिल्टर करायचे, बायांच्या चॉकलेट कारखान्यात हात लावायचे, इंग्रजी शिकवायचे. कल्पना चांगली होती, पण सुट्टीला येणाऱ्यांना सुट्टीच हवी असते. २०१७ मध्ये बंद पडलं.

आणि बाई, वाण जहाजावरच लुटा की. आमच्या खोल्या साफ करणारे, भांडी घासणारे, सगळे सात-सात, आठ-आठ महिने घराबाहेर. फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे, आपल्या गोव्या-मुंबईकडचे. सीलबंद तिळाची चिक्की आणा, ती चालते. टीप मात्र चिक्कीत भागवू नका, हे सगळ्यांच्या वतीनं सांगतो. आणि शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या फॉर्मवर त्या पोराचं नाव लिहा, त्याच्या पुढच्या करारासाठी त्याचा उपयोग होतो.

शाळामास्तरीण:

सगळ्यांचं दोनदा वाचलं. पांदण, तुमचं ह्यांना वाचून दाखवताना मला मध्येच थांबावं लागलं. तुमच्या आईंना माझाही नमस्कार सांगा.

जावयांनी बेलीझच्या एका प्राथमिक शाळेला ईमेल केला होता. तिथल्या मुख्याध्यापिकेचं उत्तर काल आलं. वह्या आहेत म्हणाल्या. हव्यात त्या गोष्टी अशा: फळ्याचे मार्कर, पहिली-दुसरीसाठी मोठ्या अक्षरांची इंग्रजी गोष्टीची पुस्तकं, आणि एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ! तीस-पस्तीस वर्षं शाळेत काढली, हे मला सात जन्मात सुचलं नसतं. पुस्तकं ह्यूस्टनला जुनी स्वस्तात मिळतात म्हणे, तिथूनच घेऊ. पेन्सिलींचं विचारलं, त्या म्हणाल्या चालतील. म्हणजे माझंही थोडं खरं झालं.

टेनिस बॉल घेतले. आता हे बेलीझला उतरायला तयार आहेत, कारण क्रिकेट. टेंडरचं काय ते तेव्हा बघू म्हणतात.

रोआतानच्या दवाखान्याला लिहिलंय, उत्तराची वाट बघतेय. कोझुमेलच्या कुत्र्यांसाठी विचारून झालं की जुने टॉवेल भरणार, आणि त्यावर आमच्या सुनेला इतका आनंद झालाय की तिनं घरातले चांगलेही काढून ठेवलेत.

बाहुल्या नेतेय. वाटायला नाही. एक त्या मुख्याध्यापिकेला, एक आमच्या खोलीची साफसफाई करेल त्याच्या लेकीला, तो हो म्हणाला तर. बाकीच्या ह्यूस्टनच्या महाराष्ट्र मंडळात विकायच्या असं लेकीनं सुचवलंय, पैसे बचत गटाला. बायांना ते जास्त आवडलं.

फुकटचा सल्लागार:

घड्याळात सेल टाकून न्या म्हणजे तिथं शोधत बसायला नको. (हा सल्लाही फुकट.)

ह्यूस्टनवासी वऱ्हाडी:

सेल काढून, वेगळे. हातातल्या बॅगेत. आणि घड्याळ इथून घ्या ना, दारव्ह्याहून काच सांभाळत कशाला आणता? परत येताना बेटावरचे शंख-पोवळं घेऊ नका, विकायला ठेवलेलं असलं तरी. गॅल्व्हस्टनला काढून घेऊ शकतात.

ठेचाभाकर:

बाई, मंग त्या जमवलेल्या वह्या अन् कपडे? घरी पडून रायतीन.

सातपुड्याची सावली:

आमच्याकडे वह्या सरकारी मिळतात, थोड्या चालतील. कपड्यांत फक्त सुती लुगडी, आणि लहान मुलांचे स्वेटर, धुतलेले, बटणं असलेले. बाकी नको. खरी गरज विचाराल तर अंगणवाडीत पावसाळ्यात खाली अंथरायला जाड ताडपत्री हवी आहे. फरशी ओली राहते, लेकरं उभ्यानंच जेवतात.

शाळामास्तरीण:

किती लांब-रुंद? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लुगडी आमच्या गावात म्हाताऱ्यांकडेच निघतील, उद्या विचारते.

सातपुड्याची सावली:

व्यनि केलाय. माप खोलीचं दिलंय, ताडपत्री चार बोटं जास्तच घ्या, भिंतीला वर दुमडावी लागते.